क्लोन केलेल्या ड्राइव्हवरचा बिघडलेला सर्च इंडेक्स : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या डिस्कवरील सर्व काही नव्या एसएसडीवर जसेच्या तसे उतरवून घेतल्यानंतर, म्हणजे डिस्क क्लोन केल्यानंतर, संगणक व्यवस्थित सुरू होतो, फाइली जागच्या जागी दिसतात, मात्र शोधाच्या चौकटीत नाव टाइप केले की काहीच सापडत नाही, अशी तक्रार सातत्याने येत असते. तिच्या अनुषंगाने पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. मुख्य विवेचन विंडोज १० आणि विंडोज ११ या प्रणालींविषयी आहे. मॅक आणि लिनक्स यांच्यासाठी प्रश्न १४ आणि १५ पाहावेत. आज्ञा आणि फाइलींची नावे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती रोमन अक्षरांतच टाइप करावी लागतात.

१. सर्च इंडेक्स म्हणजे नेमके काय? तो खराब झाला म्हणजे माझ्या फाइलीही खराब झाल्या का?

ग्रंथाच्या शेवटी असलेल्या शब्दसूचीचे जे काम असते, तेच या इंडेक्सचे असते. कोणता शब्द कोणत्या फाइलीत आहे, फाइलीचे नाव काय, ती कोणत्या फोल्डरमध्ये आहे आणि केव्हा बदलली गेली, याची नोंद विंडोज सर्च नावाची सर्व्हिस आधीच करून ठेवते. शोध घेताना मूळ फाइली न उघडता ही सूची चाळली जाते, म्हणून उत्तर क्षणात मिळते. विंडोज १० मध्ये ही सूची ‘विंडोज डॉट ईडीबी’ या एका मोठ्या फाइलीत असते आणि ती मायक्रोसॉफ्टच्या ‘ईएसई’ या डेटाबेस इंजिनावर चालते. विंडोज ११ मध्ये तिची जागा ‘विंडोज डॉट डीबी’ आणि तिच्या सोबतच्या फाइलींनी घेतली असून त्या एसक्यूलाइट स्वरूपाच्या आहेत. दोन्हींचे ठिकाण मात्र एकच आहे : सी ड्राइव्हवरील ‘प्रोग्रामडेटा’ या लपवलेल्या फोल्डरातील मायक्रोसॉफ्ट, त्यात सर्च, त्यात डेटा, त्यात ॲप्लिकेशन्स आणि त्यात विंडोज.

ही सूची मूळ फाइलींवरून तयार झालेली असल्यामुळे ती नष्ट झाली तरी फाइलींना धक्का लागत नाही. तथापि, ज्या कारणाने सूची बिघडली त्याच कारणाने इतर फाइलीही बिघडलेल्या असू शकतात आणि त्या बिघाडाची सूचना कोणी देत नाही. म्हणून इंडेक्स दुरुस्त झाला की प्रकरण संपले, असे मानू नये, हा माझा आग्रह आहे. याचा विचार प्रश्न ९ आणि १९ मध्ये केला आहे.

२. जुन्या डिस्कवर शोध उत्तम चालत होता. क्लोन केल्यावरच हा बिघाड का झाला?

याची कारणे अनेक आहेत आणि आपण क्लोन कोणत्या पद्धतीने केला, यावर त्यांतील कोणते लागू पडते हे ठरते.

सर्वांत अधिक आढळणारे कारण म्हणजे विंडोज चालू असताना घेतलेला क्लोन. इंडेक्सची फाइल सतत उघडी असते. सर्व्हिस तिच्यात अखंड लिहीत असते आणि काही बदल आधी लॉगमध्ये व नंतर मुख्य फाइलीत जातात. अशा चालत्या अवस्थेची प्रत घेण्यासाठी क्लोनिंगची बहुतेक साधने विंडोजच्या ‘व्हॉल्यूम शॅडो कॉपी’ या सोयीचा आधार घेतात, म्हणजे एका क्षणी डिस्क जशी होती तसे तिचे स्थिर चित्र घेऊन त्यावरून प्रत काढतात. येथे एक गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. या सोयीमध्ये विंडोज सर्चचा स्वतःचा एक घटक सहभागी असतो आणि इंडेक्सच्या फाइली त्या स्थिर चित्रातून काढून टाकणे हेच त्याचे काम असते. इंडेक्स सारखा बदलत असल्याने त्याला चित्रात जपून ठेवण्याचा भार डिस्कवर पडू नये, हा त्यामागील हेतू आहे. परिणामी क्लोनमध्ये इंडेक्सच्या काही फाइली येतात, काही येत नाहीत. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या मांडणीच्या नोंदवहीत, मात्र ‘इंडेक्सची मांडणी पूर्ण झाली आहे’ अशी नोंद तशीच राहते. पुष्कळदा सर्व्हिस ही विसंगती ओळखून नवा इंडेक्स बांधू लागते आणि वापरणाऱ्याला काही कळतही नाही. जेव्हा ती अडकते, तेव्हा आपल्याला हा प्रश्न पडतो.

दुसरे कारण फाइल-पातळीवरच्या क्लोनचे आहे. एनटीएफएस फाइल प्रणाली प्रत्येक बदलाची नोंद ‘चेंज जर्नल’मध्ये करते आणि ‘मागच्या वेळेपासून काय बदलले’ हे इंडेक्सर त्या जर्नलवरून ठरवतो. सेक्टरशः, म्हणजे डिस्कचा प्रत्येक लहान कप्पा (सेक्टर) जसाच्या तसा उतरवून, केलेल्या क्लोनमध्ये जर्नलही जशीच्या तशी येते. फाइली एकेक करून नव्या विभागात उतरवल्या, तर तेथील जर्नल नवी असते आणि फाइलींचे अंतर्गत क्रमांकही निराळे असतात. जुन्या सूचीतील नोंदींशी त्यांचा मेळ बसत नाही. याच पद्धतीत फोल्डरांच्या परवानग्या सोबत आल्या नाहीत, तर सर्व्हिसला स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहिता येत नाही.

तिसरे कारण सर्वांत गंभीर आहे : मूळ डिस्कवरील न वाचता येणारे सेक्टर. काही साधने असे सेक्टर वगळतात आणि नव्या डिस्कवर त्या जागी शून्ये लिहितात. मोठ्या आणि सतत लिहिल्या जाणाऱ्या इंडेक्स फाइलीच्या वाट्याला असा तुकडा आला, तर तो लगेच उघडकीस येतो. दहा वर्षांपूर्वीच्या एखाद्या छायाचित्राच्या वाट्याला आला, तर तो कित्येक वर्षे कळत नाही.

३. बिघाड इंडेक्समध्येच आहे, हे खात्रीने कसे ओळखावे?

प्रथम तीन वेगळ्या गोष्टी वेगळ्या कराव्यात. शोधाची चौकटच उघडत नसेल किंवा उघडून रिकामी, काळी राहत असेल, तर दोष बहुधा शोधाच्या दर्शनी ॲपमध्ये असतो, इंडेक्समध्ये नव्हे. चौकट उघडते, काही फाइली सापडतात आणि काही सापडत नाहीत, असे असेल तर इंडेक्सिंग अजून चालू असण्याची शक्यता अधिक. काहीच सापडत नाही, किंवा अस्तित्वात नसलेल्या फाइली दिसतात, किंवा विंडोज सर्च ही सर्व्हिस सुरू होऊन पुन्हा बंद पडते, असे असेल तर संशय इंडेक्सवर घ्यावा.

खात्री इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजमधील घडामोडींच्या नोंदी दाखवणाऱ्या साधनात, होते. त्यातील विंडोज लॉग्जखालील ॲप्लिकेशन हा विभाग उघडून ‘सर्च’ या स्रोताच्या नोंदी पाहाव्यात. ७०४० क्रमांकाची नोंद इंडेक्सच्या फाइली खराब आढळल्याचे आणि तो आपोआप नव्याने बांधला जाणार असल्याचे सांगते. ७०४२ ही नोंद सर्व्हिस थांबवली जात असल्याची असते. विंडोज १० वर ‘ईएसईएनटी’ या स्रोताच्या नोंदीही उपयोगी पडतात. त्यांतील उणे १०१८ ही त्रुटी डिस्कवरून वाचलेले पान आणि त्याची पडताळणी-बेरीज जुळत नसल्याची खूण आहे, उणे ५५० हा डेटाबेस नीट बंद न झाल्याचा, उणे १८११ हा आवश्यक फाइलच नसल्याचा आणि उणे १०३२ हा परवानगी नाकारल्याचा संकेत आहे. मात्र विंडोजचे इतर अनेक घटकही हेच इंजिन वापरतात, म्हणून नोंदीच्या मजकुरात ‘विंडोज डॉट ईडीबी’ हे नाव आहे ना, हे पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

४. खराब झालेली इंडेक्स फाइल दुरुस्त करावी की नवा इंडेक्स बांधावा?

नवा बांधावा. विंडोज १० मधील ईडीबी फाइलीवर ‘ईएसईएनटीयूटीएल’ हे साधन चालवून सक्तीची दुरुस्ती करता येते, हे खरे; पण ही दुरुस्ती खराब पाने टाकून देते आणि उरलेल्यांची सांगड घालते, म्हणजे हाती येणारी सूची नीट उघडते, परंतु अपुरी असते. ज्या डेटाबेसची दुसरी प्रत कोठेच नाही, त्याच्यासाठी हा शेवटचा उपाय ठीक आहे. जी सूची मूळ फाइलींवरून पुन्हा तयार होऊ शकते, तिच्यासाठी तो अनाठायी आहे. विंडोज ११ च्या फाइली तर या साधनाने उघडतच नाहीत. जुन्या डिस्कवरील चांगला इंडेक्स नव्या डिस्कवर आणून ठेवण्याचा विचारही अनेक जण कळवतात. प्रश्न २ मध्ये सांगितलेल्या विसंगती त्यामुळे पुन्हा उभ्या राहतात, म्हणून तेही करू नये.

५. नवा इंडेक्स बांधण्याची सर्वांत सोपी आणि सुरक्षित पद्धत कोणती?

कंट्रोल पॅनेलमधील ‘इंडेक्सिंग ऑप्शन्स’ उघडावे, ‘ॲडव्हान्स्ड’ हे बटण दाबावे आणि ‘रिबिल्ड’ निवडावे. विंडोज जुना इंडेक्स काढून टाकते आणि काम पार्श्वभूमीवर सुरू होते. रिबिल्ड सुरू करण्यापूर्वी सी ड्राइव्हवर पुरेशी मोकळी जागा आहे याची खात्री करावी. मायक्रोसॉफ्टच्या म्हणण्यानुसार इंडेक्सचा आकार साधारणपणे सूचीत घेतलेल्या फाइलींच्या आकाराच्या १० टक्क्यांहून कमी असतो; पुष्कळ लहान फाइली असल्यास मात्र हे प्रमाण वाढते.

६. ‘रिबिल्ड’ दाबूनही काही होत नाही, किंवा सर्व्हिसच लगेच बंद पडते. आता काय करावे?

अशा वेळी जुने फोल्डर हाताने बाजूला करावे लागते. प्रशासकाच्या खात्यातून ‘सर्व्हिसेस’ ही खिडकी उघडून ‘विंडोज सर्च’ ही सर्व्हिस थांबवावी आणि तिचा सुरुवातीचा प्रकार ‘डिसेबल्ड’ करावा; केवळ थांबवल्यास दुसरा एखादा कार्यक्रम शोध घेताच ती पुन्हा सुरू होते आणि फाइली ‘वापरात आहेत’ असे उत्तर मिळते. त्यानंतर प्रश्न १ मध्ये सांगितलेल्या मार्गाने ‘ॲप्लिकेशन्स’ या फोल्डरापर्यंत जावे आणि त्यातील ‘विंडोज’ या फोल्डराचे नाव बदलावे. ते लगेच पुसू नये. नवा इंडेक्स पूर्ण झाल्यावर पुसावे. येथे अत्यंत सावध राहावे, कारण सी ड्राइव्हच्या मुळाशी असलेल्या विंडोज फोल्डराचेही नाव हेच आहे आणि त्याला हात लावायचा नाही.

यानंतर सर्व्हिसचा प्रकार पूर्ववत् ‘ऑटोमॅटिक, डिलेड स्टार्ट’ करून ती सुरू करावी आणि पुन्हा रिबिल्ड द्यावे. तरीही इंडेक्स बांधला जात नसेल, तर रजिस्ट्रीतील एचकेएलएम (एचकी लोकल मशीन), सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज सर्च या मार्गावरील ‘सेटअप कम्प्लीटेड सक्सेसफुली’ हे मूल्य १ वरून ० करावे. सर्व्हिस पुढच्या वेळी सुरू होताना मांडणी अपूर्ण असल्याचे मानते आणि सर्व काही मुळापासून रचते. बदल करण्यापूर्वी त्या शाखेची प्रत निर्यात करून ठेवावी.

त्रुटी परवानगीची असेल, तर सर्च फोल्डरावर ‘सिस्टीम’ या खात्याला पूर्ण अधिकार आहे का, हे तपासावे. विंडोज सर्च त्याच खात्याखाली चालते. आणि सर्व्हिसची मूळ फाइलच खराब असावी असे वाटत असेल, तर आधी ‘डीआयएसएम’ या विंडोजच्या दुरुस्ती साधनाने प्रणालीच्या प्रतीचे आरोग्य पूर्ववत् करून मग ‘एसएफसी स्कॅननाऊ’ ही प्रणालीच्या फाइली तपासणारी आज्ञा चालवावी. क्रम उलटा केल्यास एसएफसी खराब साठ्यातूनच बदली फाइली घेऊ पाहते.

७. नवा इंडेक्स बांधण्यास किती वेळ लागतो? आकडा मध्येच थांबला आहे.

फाइलींची संख्या, त्यांचा प्रकार आणि डिस्कचा वेग यांवर ते अवलंबून आहे; काही मिनिटांपासून पूर्ण दिवसापर्यंत वेळ लागू शकतो. आपण संगणकावर काम करत असताना इंडेक्सर मुद्दाम आपला वेग कमी करतो आणि लॅपटॉप बॅटरीवर असताना तो थांबूही शकतो, म्हणून चार्जर जोडून, स्लीप बंद ठेवून रात्रभर सोडून देणे उत्तम. मायक्रोसॉफ्टच्या माहितीनुसार सुमारे ४ लाख नोंदींच्या पुढे इंडेक्सर मंदावू लागतो आणि १० लाख ही त्याची व्यवहार्य मर्यादा आहे. आकडा याच्या जवळ असेल, तर प्रोग्रामिंगच्या प्रकल्पांची फोल्डरे किंवा जुने बॅकअप सूचीतून वगळावेत. आकडा अनेक तास एकाच जागी असेल आणि संगणक मोकळा असेल, तर मात्र एखादी न वाचता येणारी फाइल वाट अडवत असण्याचा संभव आहे. प्रश्न ९ पाहावा.

८. इंडेक्सिंग पूर्ण झाले असे दिसते, तरीही काही फोल्डरांतील फाइली सापडत नाहीत. असे का?

येथे इंडेक्स बिघडलेला नसून त्याची व्याप्ती कमी असते. विंडोजच्या ‘क्लासिक’ पद्धतीत डेस्कटॉप आणि वापरणाऱ्याची नेहमीची फोल्डरेच सूचीत येतात, ‘एन्हान्स्ड’ पद्धतीत पूर्ण संगणक येतो. क्लोननंतर माहितीच्या विभागाचे अक्षर डीचे ई झाले असेल, तर सूचीत ‘डी’ची नोंद शिल्लक असते आणि ‘ई’ची नसते, ते ठिकाण नव्याने निवडावे. फाइलीच्या गुणधर्मांतील ‘आशय इंडेक्स होऊ द्यावा’ ही खूण काढलेली असेल, तर फाइल केवळ नावाने सापडते. क्लाउडमध्ये ठेवलेल्या आणि संगणकावर न उतरवलेल्या फाइलींचा आशयही सूचीत येत नाही. शेवटी परवानग्या : जे फोल्डर ‘सिस्टीम’ खात्याला वाचता येत नाही, ते इंडेक्सरलाही वाचता येत नाही.

९. नवा इंडेक्स बांधला, काही दिवस चालला आणि पुन्हा खराब झाला. किती वेळा बांधावा?

एकदाच. दुसऱ्यांदा बिघडला, तर बांधणे थांबवावे आणि कारण शोधावे, कारण आता क्लोनचा क्षण मागे पडला आहे आणि बिघाड नव्याने घडतो आहे. इतक्या अखंडपणे लिहिली जाणारी आणि इतक्या काटेकोरपणे तपासली जाणारी फाइल संगणकावर क्वचितच दुसरी असते. तिने दिलेला इशारा मोलाचा आहे आणि तो ऐकला गेला नाही याचे मला नेहमी वाईट वाटते.

म्हणून पहिले काम माहितीचा स्वतंत्र बॅकअप घेणे, तोही कोणतीही तपासणी चालवण्यापूर्वी. त्यानंतर ‘स्मार्ट’ नोंदी, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीविषयी ठेवते त्या नोंदी, वाचाव्यात. साटा डिस्कवर ५ क्रमांकाची नोंद बदली दिलेल्या सेक्टरांची, १९७ ही वाचता न आलेल्या आणि निर्णय प्रलंबित असलेल्या सेक्टरांची असते. १९९ ही नोंद वाढत असेल, तर दोष डिस्कपेक्षा केबलमध्ये किंवा तिच्या जोडणीत असण्याची शक्यता अधिक. नवी एसएसडी बसवताना केबल अर्धवट बसणे ही अगदी साधी चूक आहे. एनव्हीएमई डिस्कवर हे क्रमांक नसतात, तेथे माहितीच्या अखंडतेच्या त्रुटींची संख्या शून्य आहे का, ते पाहावे.

डिस्क निर्दोष दिसली तर मेमरीची तपासणी करावी. सदोष मेमरीतून गेलेली माहिती डिस्कवर बिनतक्रार लिहिली जाते आणि पडताळणीत चुकते. त्याखेरीज सी ड्राइव्ह काठोकाठ भरणे, संगणक वारंवार बटण दाबून बंद करणे आणि इंडेक्सचे फोल्डर तपासत बसणारे एखादे अँटिव्हायरस, हीही कारणे आढळतात.

१०. चेकडिस्क हे विंडोजचे डिस्क-तपासणी साधन चालवल्यावर ‘इंडेक्समधील चूक दुरुस्त केली’ असा संदेश आला. हाच तो सर्च इंडेक्स का?

नाही, आणि हा गोंधळ फार जणांचा होतो. एनटीएफएसमध्ये प्रत्येक फोल्डरातील नावांची स्वतःची एक क्रमवार यादी असते, तिलाही इंडेक्स म्हणतात आणि संदेशात ती ‘डॉलर आय ३०’ या नावाने येते. चेकडिस्क तिची दुरुस्ती करते. विंडोज सर्चच्या सूचीत काय आहे याच्याशी तिला कर्तव्य नसते. मात्र हा संदेश आला असेल, तर आधी फाइल प्रणाली नीट करावी आणि त्यानंतरच सर्च इंडेक्स बांधावा. प्रथम ‘स्कॅन’ हा पर्याय वापरावा, त्यासाठी संगणक पुन्हा सुरू करावा लागत नाही. चूक आढळल्यास ‘एफ’ हा पर्याय द्यावा. प्रत्येक सेक्टर वाचणारा ‘आर’ हा पर्याय खूप वेळ घेतो आणि मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर तो चालवणे म्हणजे तिच्यावर उरलेला सर्व ताण टाकणे होय. अशा डिस्कवरून आधी माहिती काढून घ्यावी.

११. जुनी डिस्क अजून याच संगणकात जोडलेली आहे. त्यामुळे काही बिघडते का?

बिघडू शकते. सेक्टरशः क्लोनमध्ये डिस्कची ओळख-सही देखील उतरते आणि एकाच सहीच्या दोन डिस्क समोर आल्या की विंडोज त्यांतील एक ‘ऑफलाइन’ ठेवते. ती हाताने ऑनलाइन केल्यास तिला नवी सही दिली जाते आणि पुढे त्याच डिस्कवरून संगणक सुरू करायचा असल्यास सुरुवातीच्या नोंदींना ती सापडत नाही. याहून फसवा प्रकार म्हणजे संगणक नकळत जुन्या डिस्कवरूनच सुरू होणे : आपण रिबिल्ड करतो, ते यशस्वी होते, आणि ते सारे जुन्या डिस्कवर घडलेले असते. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ‘बूट’ ही खूण कोणत्या डिस्कवर आहे, हे एकदा पाहून घ्यावे. क्लोननंतरची पहिली सुरुवात जुनी डिस्क काढून ठेवूनच करावी.

१२. मी पूर्वी इंडेक्सचे फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर हलवले होते. क्लोन फक्त सी ड्राइव्हचा केला. आता सर्व्हिस सुरूच होत नाही.

सर्व्हिस जुन्या ठिकाणी आपले फोल्डर शोधत आहे आणि ते ठिकाण आता अस्तित्वात नाही. तो दुसरा ड्राइव्ह उपलब्ध असेल, तर डिस्क मॅनेजमेंटमधून त्याला पूर्वीचे अक्षर द्यावे. नसेल, तर प्रश्न ६ मध्ये दिलेल्या रजिस्ट्री मार्गावर ‘डेटा डिरेक्टरी’ हे मूल्य असते. त्यात प्रोग्रामडेटाखालील मूळचे ठिकाण लिहून सर्व्हिस सुरू करावी आणि रिबिल्ड द्यावे.

१३. फाइली सापडतात, पण आउटलुकमधील जुने मेल सापडत नाहीत.

संगणकावर बसवलेले पारंपरिक आउटलुक मेलच्या शोधासाठी विंडोजचाच इंडेक्स वापरते, म्हणून इंडेक्स पुन्हा बांधला की मेलही पुन्हा सूचीत यावे लागतात. आउटलुक चालू ठेवावे आणि शोध साधनांमधील ‘इंडेक्सिंग स्टेटस’ पाहून किती नोंदी शिल्लक आहेत याचा अंदाज घ्यावा. इंडेक्सिंग ऑप्शन्सच्या यादीत आउटलुकचे नावच नसेल, तर ते जोडावे. संख्या उतरत नसेल, तर आउटलुकचे मेल जिच्यात असतात ती पीएसटी किंवा ओएसटी फाइल स्वतः खराब आहे का, हे आउटलुकसोबत येणाऱ्या इनबॉक्स दुरुस्ती साधनाने तपासावे. ओएसटी ही सर्व्हरवरील मेलची स्थानिक प्रत असल्याने ती नव्याने उतरवून घेता येते. पीएसटीला असा आधार नसतो. तिला हात लावण्यापूर्वी प्रत काढावी.

१४. मॅकवर स्पॉटलाइटच्या बाबतीत हेच करावे लागते का?

तत्त्व तेच, पद्धत अधिक सुटसुटीत. स्पॉटलाइटचा इंडेक्स प्रत्येक व्हॉल्यूमच्या मुळाशी असलेल्या लपवलेल्या फोल्डरात राहतो. सेटिंग्जमधील स्पॉटलाइटच्या गोपनीयतेच्या यादीत तो ड्राइव्ह घालावा, थोडे थांबून पुन्हा काढावा. इतक्याने इंडेक्स नव्याने बांधला जातो. टर्मिनलमध्ये ‘एमडीयूटील’ या आज्ञेला मोठ्या लिपीतील ‘ई’ हा पर्याय आणि व्हॉल्यूमचे नाव दिल्यासही तेच घडते, तर लहान ‘एस’ने सद्यःस्थिती कळते. क्लोन बाहेरच्या ड्राइव्हवर कायम जोडलेला असेल, तर प्रत्येक ॲप आणि फाइल शोधात दोनदा दिसू लागते. तो बिघाड नव्हे. क्लोनचा ड्राइव्ह गोपनीयतेच्या यादीत कायमचा ठेवावा.

१५. लिनक्सवर काय करावे?

डेस्कटॉप कोणता, यावर ते अवलंबून आहे. केडीईमधील बालू इंडेक्सर ‘पर्ज’ या आज्ञेने स्वच्छ होतो आणि पुन्हा सुरुवात करतो; नोममधील ट्रॅकरला (२०२४ पासूनचे नाव लोकलसर्च) ‘रीसेट’ ही आज्ञा आहे. ‘लोकेट’ची सूची ‘अपडेटडीबी’ चालवली की नवी होते. मात्र लिनक्सवर इंडेक्सपेक्षा यूयूआयडीची, म्हणजे फाइल प्रणालीच्या ओळख-क्रमांकाची, काळजी अधिक घ्यावी. ‘डीडी’ या नक्कल-आज्ञेने केलेल्या क्लोनचा यूयूआयडी मूळ डिस्कसारखाच असतो, एक्सएफएस ही फाइल प्रणाली अशी दुसरी डिस्क माउंट करण्यास नकार देते, आणि बीटीआरएफएस या फाइल प्रणालीच्या अशा दोन प्रती एकाच वेळी जोडणे माहितीसाठीच धोकादायक आहे.

१६. एकाच संगणकाची प्रतिमा अनेक संगणकांवर उतरवायची आहे. इंडेक्स सोबत जाऊ द्यावा का?

जाऊ देऊ नये. पहिले कारण तांत्रिक आहे : अशा वाटपासाठी प्रतिमा घेण्यापूर्वी ‘सिसप्रेप’ या विंडोजच्या साधनाने संगणकाची ओळख सामान्य करून घेणे मायक्रोसॉफ्टला अपेक्षित असते आणि जुना इंडेक्स त्या नव्या ओळखींशी जुळत नाही. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. इंडेक्समध्ये केवळ नावे नसून कागदपत्रांतील आणि मेलमधील शब्द असतात. फाइली पुसल्या तरी सूचीच्या फाइलीत त्यांचे अवशेष राहू शकतात. ज्याच्या संगणकावरून प्रतिमा घेतली, त्याचा खासगी मजकूर अशा रीतीने दुसऱ्याच्या हाती जाऊ नये, म्हणून प्रश्न ६ मधील पद्धतीने सर्व्हिस थांबवून इंडेक्सचे फोल्डर पूर्णपणे काढून टाकावे आणि मगच प्रतिमा घ्यावी.

१७. नवा ड्राइव्ह एसएसडी आहे. मग इंडेक्सिंग बंदच करून टाकले तर?

करता येते, परंतु फाइलींच्या आशयातील शोध अतिशय मंद होतो आणि आउटलुकमधील शोधही उणा पडतो. इंडेक्सिंगमुळे एसएसडी झिजते ही भीती आजच्या एसएसडींच्या बाबतीत अनाठायी आहे. शोध क्वचितच लागत असेल तरच बंद करावे. बिघाड लपवण्यासाठी करू नये.

१८. पुढच्या वेळी क्लोन करताना हा त्रास टाळण्यासाठी काय करावे?

शक्य असल्यास क्लोन विंडोज बंद असताना, म्हणजे पेनड्राइव्हवरून सुरू होणाऱ्या साधनाने करावा. त्याआधी जुन्या डिस्कवर चेकडिस्क चालवावी, विंडोज सर्च थांबवून ‘डिसेबल्ड’ करावे आणि फास्ट स्टार्टअप बंद करून संगणक पूर्णपणे शटडाउन करावा. फास्ट स्टार्टअप चालू असताना शटडाउन हे अर्धे हायबरनेशन असते आणि त्या अवस्थेतील फाइल प्रणाली स्वच्छ बंद झालेली नसते. क्लोन पूर्ण झाल्यावर साधनाने ठेवलेला अहवाल वाचावा. वगळलेल्या सेक्टरांचा उल्लेख असेल तर तो तेथेच सापडतो. नव्या डिस्कवरून संगणक सुरू झाल्यावर सर्व्हिस पूर्ववत् करून रिबिल्ड द्यावे.

१९. शोध आता नीट चालतो. जुनी डिस्क पुसून टाकू का?

अजून नाही. शोध चालू लागला म्हणजे इंडेक्स बरा झाला. फाइली तपासल्या गेल्या असा त्याचा अर्थ होत नाही. क्लोनच्या अहवालात न वाचता आलेले सेक्टर असतील, किंवा इव्हेंट व्ह्यूअरमध्ये उणे १०१८ ही त्रुटी आली असेल, तर दोन्ही डिस्कवरील महत्त्वाच्या फोल्डरांची बिट-दर-बिट तुलना करावी. त्यासाठी प्रत्येक फाइलीचा हॅश, म्हणजे तिच्या आशयावरून निघणारा ठशासारखा आकडा, काढून दोन याद्या जुळवणारी साधने मिळतात. जुनी डिस्क जोडताना ती केवळ वाचण्यापुरती खुली ठेवावी आणि प्रश्न ११ मधील सावधगिरी पाळावी. फरक आढळलेल्या फाइली दोन्ही बाजूंनी उघडून पाहाव्यात, कारण काही फाइली क्लोननंतर आपणच बदललेल्या असतात. ज्या फाइली नव्या डिस्कवर तुटलेल्या आणि जुन्या डिस्कवर शाबूत निघतात, त्या तेथून पुन्हा उतरवून घ्याव्यात. जुन्या डिस्कवरही त्या वाचता येत नसतील, तर पूर्वीच्या बॅकअपमध्ये शोधाव्यात. हे सर्व झाल्यावर आणि तिसऱ्या ठिकाणी एक बॅकअप तयार झाल्यावर जुनी डिस्क पुसावी.